स्ट्रिपचं पंक्चर आणि मशरूमचं पंक्चर

साखर कारखाने सुरू झाले की सांगली–आष्टा–इस्लामपूर रस्त्यावर पंक्चरवाल्यांकडची गर्दी वाढते. बैलाच्या पत्रीचा, म्हणजे खुराला ठोकलेल्या लोखंडी नालेचा, खिळा हे त्याचं एक मोठं कारण. उसाची गाडी ओढताना पत्री सैल होते, खिळा निसटून डांबरावर आडवा पडतो. आपल्या गाडीचं पुढचं चाक त्याला उडवतं आणि मागच्या चाकात तो उभा घुसतो. मागचीच चाकं जास्त पंक्चर होतात ती बहुतेक यामुळेच.

माझं मागचं डावं चाक दोन हंगामांत तीनदा गेलं. तिन्ही वेळा घरी सांगितलं, पंक्चर काढून आणलं. पण त्यात दोनदा स्ट्रिप मारली होती आणि एकदा मशरूम लावला होता. दोन्हींना आपण एकच नाव देतो, दोन्हींनंतर हवा थांबते, म्हणून काम एकच आहे असं वाटतं. ते एक नाही, आणि ट्यूबलेस टायर वापरणाऱ्या प्रत्येकाला हा फरक माहीत असायला हवा.

स्ट्रिपचं काम बाहेरून होतं. चाक काढायचीही गरज पडेलच असं नाही. साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे कुठून येतात ते दिसतं. खिळा पक्कडीने ओढायचा, कुठल्या कोनात आत गेला होता ते लक्षात ठेवायचं आणि गोल कानशीसारखा रीमर त्याच कोनात फिरवायचा. भोक थोडं मोठं आणि खरबरीत होतं, टायरमधल्या पोलादी तारांची टोकं साफ होतात. मग चिकट, काळी-तपकिरी स्ट्रिप सुईच्या डोळ्यात ओवून अंगाचा जोर लावून आत दाबायची. अर्धा इंच बाहेर राहिली की सुई झटक्यात ओढायची. सुईच्या डोळ्याला फट असते, त्यामुळे सुई बाहेर येते आणि दुमडलेली स्ट्रिप आतच अडकून राहते. वरचं टोक कापायचं, त्यावर थुंकी लावून बुडबुडा येत नाही ना ते बघायचं. दहा-पंधरा मिनिटांत गाडी रस्त्याला लागते. भर उन्हात, घरची माणसं गाडीत बसलेली असताना यासारखा आधार नाही.

मशरूमला टायर रिमवरून उतरवावा लागतो. नावाप्रमाणेच त्याला रबराची छत्री असते आणि देठ असतो. टायरच्या आत हवा धरून ठेवणारा रबराचा पातळ थर असतो. भोकाभोवती तो घासून खडबडीत करतात, सोल्युशन लावतात आणि ते हाताला चिकट लागेपर्यंत थांबतात. घाईत नेमकं हे थांबणंच गाळलं जातं. मग आतून देठ भोकात घालून बाहेर ओढतात, छत्री आतल्या थरावर बसते, तिच्यावर रोलर फिरवून खालची हवा काढतात आणि बाहेर आलेला देठ कापतात. टायर परत चढवला की बॅलन्सिंग करून घ्यायचं, नाहीतर वेग वाढला की स्टिअरिंग थरथरू शकतं. पैसे स्ट्रिपच्या तीन-चार पट जातात आणि पाऊण तास मोडतो.

स्ट्रिप भोकात बोळ्यासारखी बसते आणि हवा अडवते. मशरूमचा देठ भोक भरतो आणि छत्री आतला थर बंद करते. भोक नीट भरणं साताऱ्याकडच्या पावसात फार महत्त्वाचं आहे. रेडियल टायरच्या पोटात पोलादी तारांचे पट्टे असतात. भोकातून पाणी झिरपत राहिलं की त्या तारा गंजतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा फरक चिकटवण्यात नाहीच. मशरूम लावताना कुणीतरी टायरच्या आत बघतं. स्ट्रिप मारताना कुणीच बघत नाही.

हे मला तिसऱ्या पंक्चरने शिकवलं. पुण्याहून रात्री परतताना तासवडे टोलनाक्याच्या अलीकडे गाडी डावीकडे ओढायला लागली. अंधारात थांबायची भीती वाटली, म्हणून उजेड दिसेपर्यंत तशीच हळूहळू चालवली. पहिल्या दुकानात स्ट्रिप मारून घेतली, हवा भरली, घर गाठलं. सांगलीत मशरूमसाठी टायर उतरवला तेव्हा कारागिराने आत हात फिरवला आणि पंजा माझ्यासमोर धरला. मिरी दळून हातावर घ्यावी तसा रबराचा काळा भुगा होता. हवा नसताना गाडी चालवली की टायरची बाजू रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चेंगरते, आतलं रबर दळलं जातं आणि आतले दोरे कमजोर होतात. असा टायर बाहेरून चांगला दिसतो आणि हवाही धरतो. पण उन्हाळ्यात, भरल्या गाडीत, महामार्गाच्या वेगाला त्याची बाजू फाटू शकते. आमच्या टायरला मशरूम लावलाच नाही, तो टाकून दिला.

म्हणून माझा नियम असा आहे. पंक्चर लगेच लक्षात आलं, हवा पूर्ण उतरलेली नाही, तर रस्त्यावर स्ट्रिप खुशाल मारावी, ऐंशीच्या आत चालवावं आणि आठवड्याभरात टायर आतून बघून मशरूम करून घ्यावा. हवा नसताना थोडंही अंतर चाललं असेल तर स्टेपनी लावावी आणि टायर उतरवून बघितल्याशिवाय स्ट्रिपवर विसंबू नये. एकाच भोकात दुसरी, तिसरी स्ट्रिप कोंबायला कुणी लागला तर थांबवावं. भोक मोठं आहे, असाच त्याचा अर्थ. साधारण ६ मिलिमीटरच्या पुढचं भोक मशरूमच्याही आवाक्यात येत नाही.

टायरच्या बाजूच्या भिंतीत किंवा ती जिथून वळते त्या कडेला खिळा गेला असेल तर दोन्ही उपाय बाद. तिथला भाग प्रत्येक फेऱ्याला वाकतो, त्यामुळे काहीही चिकटवलं तरी सुटतं. "चालतंय की, मारतो स्ट्रिप" असं कुणी म्हणालं तरी तिथे नको म्हणा.

खंबाटकीसारख्या घाटात चाक गेलं तर वळणावर जॅक लावू नका. चार फ्लॅशर लावून, पायी चालायच्या वेगाने रुंद, सपाट जागा गाठा. टायर गेला तरी चालेल. सगळ्यांना रस्त्यापासून लांब उभं करा, मागे त्रिकोण ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करता येतो. दुकानात गेल्यावर मात्र नुसतं "पंक्चर काढा" म्हणू नका. "टायर उतरवून आतून बघा, चांगला असेल तर मशरूम लावा" असं सांगा आणि कारागीर आत हात फिरवताना शेजारी उभे राहा.