किती जगले आणि कशाने गेले: यकृताच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचे दोन आकडे

पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या यकृतात कर्करोगाची गाठ निघाली की घरात पहिलं वाक्य बहुधा हेच असतं: ‘आता या वयात कशाला चिरफाड?’ मग कुणीतरी मोबाइलवर शोधून सांगतं, ऑपरेशननंतर म्हातारी माणसं तरुणांपेक्षा कमी जगतात म्हणे. ही माहिती चुकीची नसते. पण म्हातारपणी कर्करोग जास्त जोर करतो, ऑपरेशन वाया जातं, असा अर्थ तिच्यातून काढला जातो आणि तिथे गाडी घसरते. त्या माहितीत दोन वेगळे आकडे एकच समजून वाचलेले असतात.

पहिला आकडा एकूण जगण्याचा, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘ओव्हरऑल सर्व्हायव्हल’. ऑपरेशनच्या दिवसापासून मोजायला लागायचं आणि ५ वर्षांनी किती जण हयात आहेत ते बघायचं. माणूस कशाने गेला हे इथे कुणी विचारत नाही. कर्करोग उलटला, हार्ट अटॅक आला, न्यूमोनिया झाला, सगळे मृत्यू सारखेच धरले जातात. दुसरा आकडा ‘कॅन्सर-स्पेसिफिक सर्व्हायव्हल’, म्हणजे फक्त त्या कर्करोगाने आलेले मृत्यू मोजणारा. दुसऱ्या कारणाने गेलेला माणूस गेला त्या दिवसापर्यंत हिशोबात असतो, त्यानंतर हिशोबाबाहेर.

समजण्यापुरते कल्पित आकडे घेऊ. पंचावन्नच्या आसपासचे १०० रुग्ण आणि अठ्ठ्याहत्तरच्या आसपासचे १०० रुग्ण, सगळ्यांच्या यकृताचा गाठ असलेला भाग काढला. ५ वर्षांत पहिल्या गटातले ४५ गेले: ४० कर्करोगाने, ५ इतर कारणांनी. दुसऱ्या गटातले ६० गेले: ४० कर्करोगाने, २० इतर कारणांनी. एकूण जगणं पहिल्या गटात ५५ टक्के, दुसऱ्यात ४० टक्के. हा फरक मोठा आहे, पण कर्करोगाने दोन्हीकडे ४० माणसंच नेली. वरचे १५ मृत्यू हृदय, फुप्फुसं, पक्षाघात यांचे, म्हणजे ऑपरेशन झालं नसतं तरी त्या वयात जे समोर उभेच असतात त्यांचे.

जपानमध्ये हा प्रश्न रोजचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत तिथे हेपॅटायटिस सी हा पुढे यकृताच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू पसरला, बाधित पिढी म्हातारी झाली आणि यकृताच्या कर्करोगाचा रुग्ण सरासरी सत्तरीच्या आसपास जाऊन पोचला. ऐंशीच्या पुढच्या रुग्णांचीही यकृतं तिथले शल्यविशारद हाताळतात. त्यांना हेही ठाऊक असतं की जपानी बाई ऐंशी वर्षांची झाली की तिच्यापुढे सरासरी आणखी १२ वर्षं असतात आणि पुरुषापुढे ९. जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान बघून ‘आता उरलं काय’ असं ठरवलं तर ही वर्षं हिशोबातच येत नाहीत. तिथल्या आणि इतर देशांतल्या बऱ्याच अभ्यासांत दिसतं ते साधारण असं: एकूण जगण्यात वयस्क मागे पडतात, पण फक्त कर्करोगाचे मृत्यू मोजले की ती दरी बरीच आक्रसते, काही ठिकाणी उरतही नाही.

तरुणांची बाजूही वाटते तितकी सोपी नाही. चीनमध्ये आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागात हा कर्करोग मुख्यतः हेपॅटायटिस बीतून येतो. विषाणू बाळंतपणात आईकडून किंवा अगदी लहानपणी शरीरात शिरतो, यकृताच्या पेशींच्या जनुकीय धाग्यात स्वतःचे तुकडे घुसवतो आणि सिरॉसिस (यकृतात व्रण साठून ते कडक होणं) न होताही कर्करोग घडवू शकतो. त्यामुळे चाळिशीतला धडधाकट माणूस येतो तो मोठी गाठ घेऊनच, कधी ती रक्तवाहिनीत शिरलेली असते. यकृत चांगलं असल्यामुळे मोठं ऑपरेशन तो सोसतो, पण आजार पुढे गेलेला असतो. (तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना हेपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. या सगळ्या विषयात मला सर्वांत समाधान देणारी गोष्ट हीच.) म्हणजे वयावरून दोन रांगा केल्या की बऱ्याचदा दोन वेगळे आजारच शेजारी उभे केलेले असतात.

आपल्याकडे हेपॅटायटिस बी आणि दारू यांच्या जोडीला आता मधुमेह आणि फॅटी लिव्हर आहे. या रुग्णांना हृदयविकाराचा धोका मुळातच जास्त. त्यांच्यात या दोन आकड्यांमधलं अंतर वाढेल असं मला वाटतं, आणि म्हणूनच ते वेगळे वाचायला आत्ताच शिकायला हवं.

मात्र दुसरा आकडाही डोळे झाकून घेऊ नये. सिरॉसिस असलेल्या रुग्णाला ऑपरेशननंतर दोन वर्षांनी नवी गाठ आली, पोटात पाणी झालं, यकृत निकामी होऊन तो गेला. हा मृत्यू कर्करोगाचा की सिरॉसिसचा? दाखल्यावर काय लिहिलं जाईल त्यावर आकडा हलतो. दुसरं, ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात न्यूमोनियाने गेलेला माणूस ‘कर्करोगाने गेला नाही’ म्हणून बाजूला काढला, तर ऑपरेशनची खरी किंमतच लपते. आणि दुसऱ्याच वर्षी हृदयविकाराने गेलेल्या आजोबांचा कर्करोग परतला असता की नाही, हे कधी कळतच नाही. भाग काढल्यानंतर ५ वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये हा कर्करोग पुन्हा उगवतो, तेव्हा हा मुद्दा किरकोळ नाही. ‘रिकरन्स-फ्री सर्व्हायव्हल’ हा शब्द दिसला तर आणखी जपून: आजार परतणं आणि कोणत्याही कारणाने मृत्यू, दोन्ही त्यात एकत्र मोजतात. साहजिकच म्हाताऱ्यांचा आकडा तिथेही खाली दिसतो, जरी आजार तितक्याच वेळा परतला असला तरी.

सगळ्यात मोठी मेख निवडीची. ऐंशीच्या वरचे जे रुग्ण ऑपरेशन टेबलापर्यंत पोचतात ते डॉक्टरांनी आधीच पारखून घेतलेले असतात. त्यांचे निकाल चांगले आले म्हणून ऐंशीच्या प्रत्येकाला ऑपरेशन झेपेल असं होत नाही.

मग डॉक्टर पारखतात काय? यकृत किती पाण्यात आहे हे सांगणाऱ्या चाइल्ड-प्यू या मापात पाच गोष्टी येतात: बिलिरुबिन (कावीळ आणणारं द्रव्य), अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन), रक्त गोठायला लागणारा वेळ, पोटातलं पाणी आणि यकृतामुळे येणारी गुंगी. वय त्यात नाही. भाग काढल्यावर किती यकृत मागे उरेल हे सीटी स्कॅनवरून मोजतात; निरोगी यकृताचा साधारण २० ते २५ टक्के भाग पुरतो, सिरॉसिस असेल तर ४० टक्के तरी लागतो. वयानुसार यकृत आकाराने लहान होतं, त्यातला रक्तप्रवाह घटतो, पुन्हा वाढीचा वेगही मंदावतो, म्हणून वयस्कात थोडं जास्त शिल्लक ठेवलेलं बरं. त्याखेरीज माणूस किती चालतो, स्नायू किती उरलेत, धाप लागते का, हेही बघतात. गाठ लहान असेल तर सुईने जाळण्याचा पर्यायही असतो.

दोन्ही आकडे कामाचे आहेत, फक्त प्रश्न वेगळे. ‘मला अजून किती वर्षं मिळतील?’ असं आजोबा विचारतात तेव्हा उत्तर एकूण जगण्याच्या आकड्यात आहे, कारण त्यांच्या दृष्टीने मरण कशाने आलं याने फारसा फरक पडत नाही. ‘या वयात ऑपरेशन करून कर्करोगावर काही उपयोग होईल का?’ असं मुलगी विचारते तेव्हा उत्तर दुसऱ्या आकड्यात आहे. तिने सर्जनला आणखी एक विचारावं: तुमच्याकडे या वयाच्या, अशाच यकृताच्या रुग्णांपैकी ऑपरेशननंतर ९० दिवसांत किती दगावले? ३० दिवसांचा आकडा पुरत नाही. यकृत हळूहळू निकामी होऊन येणारे मृत्यू अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येतात आणि ३० दिवसांच्या आकड्यात ते दिसतच नाहीत.