आर्काटाचं मैलापाणी आणि पाणकणसाची सावली

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागात हम्बोल्ट खाडीच्या काठावर आर्काटा म्हणून गाव आहे, वस्ती साधारण १८ हजार. १९७४ मधे राज्याने नियम काढला की खाड्यांमधे सांडपाणी सोडायचं नाही, सोडायचंच असेल तर त्याने खाडीचं भलं होतं हे दाखवून द्या. मग आसपासच्या गावांचं मिळून सांडपाणी साफ करायचं एकच मोठं प्लांट बांधायचं आणि लांब पाइप टाकून पाणी थेट समुद्रात सोडायचं असं ठरत होतं. खर्च प्रचंड, आर्काटाने विरोध केला. तिथल्या युनिव्हर्सिटीतल्या जॉर्ज ॲलन आणि रॉबर्ट गिअरहार्ट या प्रोफेसरांचं म्हणणं होतं की हे काम पाणथळ जागा करू शकते (ॲलन तर आधीपासूनच सांडपाण्यात समुद्राचं पाणी मिसळून सामन माशांची पिल्लं वाढवत होते!). आधी छोट्या प्रमाणावर करून बघितलं आणि १९८६ पासून पूर्ण सिस्टीम सुरू झाली, तीही बंद पडलेल्या डंपिंग ग्राउंडच्या आसपासच्या जागेवर.

आता लोक याला "नैसर्गिक" म्हणतात आणि त्यांना वाटतं की पाणी दलदलीत सोडलं की झालं. तसं अजिबात नाहीये. आधी जाळ्या लागतात, प्लास्टिक चिंध्या अडवायला, मग वाळू वेगळी करायची, मग मोठ्या टाक्यांमधे गाळ खाली बसू द्यायचा आणि तो गाळ वेगळा कुजवायचा. उरलेलं पाणी उथळ तलावांत जातं आणि तिथे बॅक्टेरिया त्यातली घाण खातात, त्यांना त्यासाठी ऑक्सिजन लागतो आणि तो पुरवतं शेवाळ, दिवसा उन्हात. म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंपांचं बरंचसं वीजबिल वाचतं.

पण इथेच खरी अडचण येते. विष्ठेतली घाण गेली तरी पाणी हिरवंगार असतं, शेवाळाने भरलेलं, आणि ते तसंच खाडीत सोडलं तर शेवाळ मरून कुजणार, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाणार, म्हणजे पुन्हा तेच. अमेरिकेतल्या नियमानुसार बाहेर पडणाऱ्या पाण्यात तरंगते कण महिन्याच्या सरासरीने लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत लागतात. म्हणून तलावांनंतर दलदल आहे, तिच्यात पाणकणीस आणि लव्हाळ्याच्या कुळातल्या उंच वनस्पती दाटीने लावलेल्या. त्यांचं मुख्य काम घाण शोषणं नाहीच, सावली देणं आहे! ऊन मिळालं नाही की शेवाळ मरतं आणि पाणी संथ असल्यामुळे तळाशी बसतं, शिवाय पाण्याखालच्या देठांवर बॅक्टेरियाचा बुळबुळीत थर असतो तो उरलंसुरलं खातो. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते. आपल्याकडच्या नाल्यात आपोआप उगवणारं पाणकणीस याच जातकुळीचं आहे, पण नुसतं उगवून भागत नाही, पाण्याची खोली आणि वेग सांभाळावा लागतो, साचलेला गाळ आणि मेलेली पाती काढावी लागतात.

जंतू वेगळे मारावेच लागतात. तिथे त्यासाठी वर्षानुवर्षं क्लोरीन वापरला गेला, आणि मग तो माशांना बाधू नये म्हणून पाण्यातून काढूनही टाकावा लागायचा. जंतू मारण्यात कसूर चालत नाही कारण समोरच्याच खाडीत कालवांची शेती आहे आणि कालवं पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यातले जंतू त्यांच्यात साठतात आणि लोक कालवं कच्ची खातात.

आज तिथे ३०० पेक्षा जास्त जातींचे पक्षी नोंदलेले आहेत, लोक फिरायला येतात. काळजी आहे ती समुद्राची, कारण हम्बोल्ट खाडीकाठची जमीन खचतीये आणि पाणी चढतंय, त्यामुळे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्र सगळ्यात वेगाने वर येतोय तो इथेच, आणि हे सगळे तलाव खाडीला लागून बांधाच्या आत आहेत.