टोपणनाव वेगळं, फेक आयडी वेगळी

ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की तालुक्यातल्या फेसबुक ग्रुपांवर एक वाक्य हमखास दिसतं : "हिंमत असन तं खऱ्या नावानं ये ना बे, फेक आयडीवाल्या!" ज्याला हे सुनावलं जातं तो कधी खरोखरच दुसऱ्या कुणाचं नाव आणि फोटो लावून बसलेला असतो. कधी मात्र तो 'धुऱ्यावरचा', म्हणजे बांधावरचा, असं स्वतःच जुळवलेलं नाव घेऊन वर्षानुवर्षं लिहिणारा जिल्हा परिषदेचा साधा मास्तर असतो. शिवी दोघांना एकच. ग्रुपवर ती चुकीच्या माणसाला बसली तर दोन दिवसांत विसरली जाते. पण तोच गोंधळ पोलीस ठाण्यात किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर झाला तर महागात पडतो, कारण या दोन गोष्टींचे धोके अगदी वेगळे आहेत.

टोपणनाव म्हणजे स्वतःसाठी घेतलेलं दुसरं नाव. ते कुणाकडून चोरलेलं नसतं आणि त्याआडून मी अमुक अधिकारी आहे, तमक्याचा मुलगा आहे, असा दावा केलेला नसतो. ते टिकतं. आज लिहिलेल्याची जबाबदारी उद्याही त्याच नावावर राहते. विदर्भाला हे नवीन नाही. मलकापूरला १८७२ साली जन्मलेले नारायण मुरलीधर गुप्ते वऱ्हाडातल्या सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करत आणि कविता लिहीत 'बी' या एकाक्षरी नावानं. मूर्तिजापूरचे आत्माराम रावजी देशपांडे न्यायाधीश झाले आणि मराठी कवितेत 'अनिल' राहिले. नागपूरच्या माणिक गोडघाट्यांना तर कित्येक वाचक फक्त 'ग्रेस' म्हणूनच ओळखतात. नोकरीचं नाव एक, लिहिण्याचं नाव दुसरं, ही सोय आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहे.

फेक आयडी म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर पीककर्ज उचलणं. नाव त्याचं, फोटो त्याचा, आणि लोकांनी विश्वास ठेवायचा तो त्याची पत बघून. याचा सगळ्यात घासलेला नमुना आता खेड्यापर्यंत पोचलाय. जिल्ह्यातल्या एखाद्या मोठ्या साहेबांच्या फोटोसह खातं उघडतं, तुम्हाला फ्रेंड रिक्वेस्ट येते, दोन मेसेज खुशालीचे होतात आणि तिसरा येतो : माझा एक मित्र निमलष्करी दलात आहे, त्याची बदली झाली, फर्निचर अगदी स्वस्तात देतोय, घेता का? साहेब आपल्याशी बोलले याच्याच आनंदात माणूस पैसे पाठवतो. गावपातळीवरचा प्रकार याहून हलकट असतो. सरपंचबाईंचा किंवा अंगणवाडीताईंचा फोटो उचलून त्यांच्याच नावानं वाटेल ते लिहायचं आणि मजा बघायची.

या दोन्हींत न बसणारं एक तिसरं प्रकरण आहे, त्याचा उगाच बळी जातो. शाळेच्या दाखल्यावर प्रल्हाद, पण अख्खं गाव ज्याला बंडू म्हणतं, त्यानं 'बंडूभाऊ' नावानं खातं काढलं तर ते फेकही नाही आणि टोपणही नाही. फेसबुकचा स्वतःचा नियमसुद्धा रोजच्या व्यवहारात लोक ज्या नावानं ओळखतात ते नाव लावा, असाच आहे. बायकांचं तर विचारूच नका. सेवापुस्तकात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, फेसबुकवर फक्त स्वतःचं आणि नवऱ्याचं. त्यावरून एखाद्या शिक्षिकेला "मॅडम, तुमची आयडी फेक हाय काय?" विचारणाऱ्यानं आधी स्वतःच्या घरातले कागद काढून बघावेत.

कायदा टोपणनाव आणि फेक आयडी या दोन्हींकडे कसा बघतो ते थोडक्यात. टोपणनावानं लिहिणं हा गुन्हा नाही. दुसऱ्याची ओळख वापरून संगणक-मोबाइलच्या साहाय्यानं फसवणूक करणं हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६डी खाली त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा तशी ओळखीची खूण अप्रामाणिकपणे वापरली तर ६६सी. 'आक्षेपार्ह पोस्ट' म्हटलं की लोक अजून ६६अ ची भीती घालतात, पण ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केलं. तरीही त्याखाली गुन्हे नोंदवले जात होते, म्हणून २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं.

पण टोपणनाव गुन्हा नाही याचा अर्थ ते चिलखत आहे असा होत नाही. बदनामीचं कलम, आताच्या भारतीय न्याय संहितेत ३५६, लिहिणाऱ्यानं कोणतं नाव लावलं होतं ते विचारत नाही. आणि धमकीच्या बाबतीत तर उलटंच आहे. नाव-पत्ता लपवून धमकी दिली तर संहितेचं कलम ३५१ मूळ शिक्षेवर आणखी २ वर्षांपर्यंतची शिक्षा चढवतं. 'धुऱ्यावरचा' होऊन कविता करा, कुणी विचारणार नाही. 'धुऱ्यावरचा' होऊन एखाद्याला "पाहून घेईन" म्हणाल तर तेच नाव तुमच्या विरोधात जाईल.

आता नोकरी. इथं सगळ्यात मोठा गैरसमज आहे, आणि तो शिकलेल्या माणसांत जास्त आहे : खरं नाव लावलं नाही की साहेबांचा हात पोचत नाही. केंद्र सरकारच्या नोकरांसाठीचे १९६४ चे वर्तणूक नियम उघडून पाहा. सरकारच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नये असं सांगणारा नववा नियम तिथंच म्हणतो, की ती स्वतःच्या नावानं असो, निनावी असो, टोपणनावानं असो किंवा दुसऱ्याच्या नावानं. म्हणजे मोबाइल यायच्या कितीतरी आधी नियम करणाऱ्यांना ही पळवाट दिसली होती आणि त्यांनी ती बुजवून ठेवली होती. राज्याच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे. २८ जुलै २०२५ रोजी राज्य शासनानं समाजमाध्यमांसाठी वेगळ्या सूचनाही काढल्या. त्यात शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका नको, वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, गोपनीय कागद टाकू नका, हे तर आहेच. शिवाय प्रोफाइल फोटो वगळता गणवेश, पदनाम, शासकीय गाडी, इमारत यांचे फोटो-रील वैयक्तिक खात्यावर नकोत, असंही आहे. कंत्राटी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांतले कर्मचारीही त्याच्या कक्षेत आहेत. योजनेच्या यशाबद्दल लिहायला हरकत नाही, मात्र स्वतःची टिमकी वाजवू नका, हे कलम वाचून मला काही ओळखीचे चेहरे आठवले.

म्हणजे तोंडाला कुलूपच का? तसंही नाही. त्रिपुरा उच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये एका कर्मचाऱ्याच्या फेसबुक पोस्टच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की सरकारी नोकरीत लागल्यानं माणसाचा बोलण्याचा हक्क संपत नाही, तो वर्तणूक नियमांच्या मर्यादेत शिल्लक राहतो. केंद्राच्या नियमांत तर निव्वळ साहित्यिक, कलात्मक, शास्त्रीय लिखाणाला पूर्वपरवानगीही लागत नाही. कपाशीवर गझल लिहिणाऱ्या पोस्टमास्तरानं घाबरायचं कारण नाही. कपाशीच्या हमीभावावर सरकारला झोडपणाऱ्या पोस्टमास्तरानं मात्र टोपणनावाच्या भरवशावर बिनधास्त राहू नये.

नियम राहू द्या बाजूला. खेड्यात टोपणनाव उघडं पडायला नियम लागतच नाहीत. समजा 'धुऱ्यावरचा'नं पोषण आहाराचा तांदूळ उशिरा आला म्हणून एक चिमटा काढणारी पोस्ट टाकली. शाळेचं नाव नाही, गावाचं नाव नाही, सोबत फक्त रिकाम्या गंजाचा, म्हणजे पातेल्याचा, फोटो. पण गंजामागे भिंत आहे, भिंतीवर रंगवलेली बाराखडी आहे, आणि त्या बाराखडीतलं 'ळ'जवळचं बाळ डोक्यानं वाकडं आहे. ती भिंत केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या मास्तरांनी शिक्षण परिषदेला आले तेव्हा पाहिलेली आहे. पोस्ट पडली ती शाळा सुटल्यावर दहा मिनिटांनी. पहिला लाइक साळ्याचा, दुसरा बायकोच्या मावसभावाचा. भाषेत 'गंज' आणि 'काहून' हे वऱ्हाडी शब्द, म्हणजे माणूस पुण्याकडून बदलून आलेला नाही. संध्याकाळी पानठेल्यावर एक पालकच विचारतो, "सर, ते धुऱ्यावरचे तुमीच होय ना?" आणि रात्री केंद्रप्रमुखांचा फोन येतो. कुणी सायबर शाखेत गेलं नाही, कुणी आयपी पत्ता काढला नाही.

त्यात मोबाइल स्वतः चुगली करतो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नंबर सेव्ह नसलेल्याला तुमचं टोपणनाव दिसेल, त्याच्याआधी ते छोटं वळणदार चिन्हही (~) दिसेल, पण सोबत नंबरही दिसतो. तो नंबर फोनपेत टाकला की एक रुपयाही न पाठवता बँकेत नोंदलेलं नाव समोर येतं, बऱ्याचदा बापाच्या नावासकट. फेसबुकला तुम्ही कॉन्टॅक्टची यादी वाचू दिलेली असेल, तर 'ओळखीचे असू शकतात' म्हणून तुमचं टोपणखातं तुमच्याच मुख्याध्यापकांपुढे जाऊन उभं राहू शकतं. टोपणनावाचं खातं वेगळ्या ईमेलवर, कॉन्टॅक्ट न जोडता काढणारे फार थोडे.

मग टोपणनाव वाचवतं तरी कुणापासून? अनोळखी माणसापासून, आणि ही काही छोटी गोष्ट नाही. उद्या बदली झाली, खासगी संस्थेत मुलाखत आहे, संस्थाचालकानं नाव शोधून पाहिलं, तर १० वर्षांपूर्वी रागात लिहिलेली ओळ तिथं सापडत नाही. सरकारी नोकराला निदान नियम, नोटीस, खुलासा एवढ्या पायऱ्या असतात. अनुदान नसलेल्या शाळेतला शिक्षक, पतसंस्थेतली क्लार्क, जिनिंगमधला मुनीम यांना यातलं काहीच नसतं. "उद्यापासून येऊ नका" एवढंच. कृषी केंद्रवाल्याचा मालक तर गिऱ्हाईकच. त्यानं स्वतःच्या नावानं एका पक्षाची बाजू घेतली की दुसऱ्या पक्षाचे लोक बियाण्याच्या पिशव्या पलीकडच्या दुकानातून नेतात, आणि खरिपाच्या तोंडावर ते परवडत नाही. अशा माणसांनी मतांसाठी टोपणनाव घेतलं तर त्यात भित्रेपणा कसला? खऱ्या नावाचा आग्रह धरणारे बहुतेक वेळा असे असतात, की ज्यांची नोकरी किंवा दुकान कुणाच्या मर्जीवर नसतं.

आणि फेक आयडीपासून काय वाचवतं? गंमत अशी की खरं नाव. ज्या मॅडमचं स्वतःच्या नावाचं, फोटोचं, जुनं आणि साधं खातं आहे, त्यांच्या नावानं कुणी दुसरं काढलं तर गावालाच आधी कळतं : "मॅडमचं खातं तं दुसरंच हाय, हे कोनाचं?" ज्यांचं खातंच नाही त्यांच्याबद्दल खात्री करायला जागाच उरत नाही, आणि खुलासा करायची वेळ त्यांच्यावर येते. म्हणून मला वाटतं, लोकांशी रोज संबंध येणाऱ्या माणसानं खऱ्या नावाचं एक खातं ठेवावंच. त्यात सणाच्या शुभेच्छा आणि लग्नाच्या पत्रिका असल्या तरी चालेल. कविता, टवाळी, मतं टोपणनावाच्या खात्यात. तिथं पद, शाळा, कार्यालय यांचा फोटोही नको आणि इशाराही नको. 'मतं वैयक्तिक आहेत' ही ओळ वर लिहिली म्हणून वर्तणूक नियम सुटत नाहीत, ती शोभेची आहे.

तुमच्या नावानं कुणी खातं काढलंच, तर पहिल्या रागात त्याला मेसेज करून शिव्या घालू नका, तो खातं बंद करून पळतो. आधी पुरावा. नुसता नाव दिसणारा स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण नाव आणि फोटो घटकाभरात बदलता येतात. प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत जाऊन त्या खात्याची लिंक कॉपी करा आणि जपून ठेवा, कारण पोलिसांना शोधायला तीच लागते. मग तिथंच रिपोर्ट करा, 'दुसऱ्याचं सोंग घेतलंय' हा पर्याय निवडून, आणि चार ओळखीच्यांनाही तसंच करायला सांगा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या करता येते. कुणाचे पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन, तोही लगेच, कारण पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत थांबवता आले तरच परत मिळायची आशा. नोकरीत असाल तर त्याच दिवशी कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. पुढे कुणी ती पोस्ट तुमचीच म्हणून फाइलला लावली, तर तारीख टाकलेली ती पोच तुमच्या कामी येते.