आयक्यूचा आकडा आणि चारातली एक खोटी चिठ्ठी

दहावीच्या निकालाचे दिवस आले की नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडला क्लासेसच्या फ्लेक्समध्ये एक जाहिरात हमखास दिसते, मुलाच्या दहा बोटांचे ठसे द्या आणि त्याचा आयक्यू, त्याचा कल, सायन्स घ्यायचं की कॉमर्स, सगळं रंगीत रिपोर्टमध्ये घरी घेऊन जा. डीएमआयटी म्हणतात त्याला. यात विज्ञान काहीही नाही. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात आणि त्यांचा मुलाच्या हुशारीशी संबंध कुणीही दाखवलेला नाही, इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने तर याला शास्त्रीय आधार नाही असं जाहीरच सांगितलंय. तरीही शिकले-सवरलेले आईबाप पैसे मोजतात आणि रिपोर्ट वाचून मान डोलावतात. ते त्यांना पटतं कसं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर कॉलेजच्या पोरांवर झालेल्या काही प्रयोगांमध्ये फार छान सापडतं.

आधी आयक्यूबद्दल थोडक्यात. 1905 साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पहिली चाचणी केली ती शाळेत कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल हे ओळखायला, हुशारांची रांग लावायला नाही. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी तीच मराठी आणि कानडी मुलांसाठी बदलून घेतली, बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. आजच्या चाचण्यांत सरासरी 100 येईल असंच गणित बसवलेलं असतं, 85 ते 115 मध्ये साधारण दोन तृतीयांश लोक येतात, आणि चांगल्यातली चांगली चाचणी घेतली तरी आकडा पाच-सहा पॉइंट इकडे तिकडे होऊ शकतो. म्हणजे निम्मे लोक 100 च्या खाली असणारच, त्यात वाईट काही नाही, पण भरल्या वर्गात विचारा की तुम्ही वरच्या निम्म्यात आहात का, निम्म्यापेक्षा कितीतरी जास्त हात वर जातात.

आता माझा आवडता प्रयोग. 2005 साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांवर मोबियस, नीडर्ले, निहाउस आणि रोझेनब्लाट या अर्थशास्त्रज्ञांनी केला. मुलांना आयक्यूसारखी चार मिनिटांची परीक्षा दिली, निकाल सांगितला नाही, फक्त विचारलं की तू वरच्या निम्म्यात असण्याची शक्यता तुला किती टक्के वाटते. मग प्रत्येकाला चार वेळा एक मेसेज दाखवला, 'तू वरच्या निम्म्यात आहेस' किंवा 'खालच्या निम्म्यात आहेस', आणि खरी गंमत इथे आहे, प्रत्येक मेसेज खरा असण्याची शक्यता फक्त 75 टक्के, हे मुलांना आधीच सांगितलेलं. दर मेसेजनंतर पुन्हा तोच प्रश्न, आता किती टक्के वाटतंय?

सरळ खरा निकाल का नाही सांगितला? कारण तो सांगितला की विषयच संपला, टक्के एकदम 0 किंवा 100. अर्धवट भरवशाची बातमी दिली की माणसाने आपलं मत किती हलवायला हवं याचं अचूक उत्तर गणितात मिळतं आणि त्याने प्रत्यक्षात किती हलवलं ते त्याच्या शेजारी ठेवून बघता येतं. हे गणित थॉमस बेज या इंग्लिश पाद्र्याचं, 1763 साली त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं, आणि इथे ते अगदी सोपं होतं. टक्क्यांऐवजी बाजूने किती आणि विरुद्ध किती असं लिहायचं. 50 टक्के म्हणजे 1 ला 1. मेसेज 75 टक्के खरा म्हणजे खऱ्याला खोटं 3 ला 1, म्हणून चांगली बातमी आली की बाजूच्या आकड्याला 3 ने गुणायचं, वाईट आली की विरुद्धच्या आकड्याला 3 ने गुणायचं, बस. एक चांगली बातमी, 3 ला 1, म्हणजे 75 टक्के. दुसरी चांगली, 9 ला 1, म्हणजे 90 टक्के. आता एक वाईट आली तर 9 ला 3, परत 75. सुरुवातच 60 टक्क्यांनी केली असेल तर 3 ला 2, त्यावर एक वाईट बातमी म्हणजे 3 ला 6, 33 टक्के. आणि या आकड्यांचा लॉगॅरिदम घेतला की गुणाकाराची बेरीज होते, म्हणजे प्रत्येक चांगली बातमी एक पाऊल पुढे, प्रत्येक वाईट बातमी तेवढंच एक पाऊल मागे, बातम्यांचा क्रम कोणताही असो, पावलाची लांबी तीच. थोडं किचकट वाटलं तर एवढंच धरा की दोन्हीकडची पावलं सारखीच पडायला हवीत.

ती सारखी पडली नाहीत. एक तर मुलांनी दोन्ही बाजूंना गणिताने सांगितल्यापेक्षा छोटी पावलं टाकली, आणि वाईट बातमीचं पाऊल चांगल्या बातमीपेक्षाही छोटं निघालं. पावसाळ्यात गोदेचं पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं असं कुणी सांगितलं की आपण लगेच समजून घेतो, पूर किती वाढलाय यात आपला मान-अपमान नसतो. प्रयोगातही हेच तपासून पाहिलं, स्वतःच्या ऐवजी एका रोबोटच्या कामगिरीबद्दल तसलेच मेसेज दिले तर हा कल बराच कमी झाला. म्हणजे मुलांना गणित येत नव्हतं असं म्हणता येत नाही, आकडा स्वतःच्या बुद्धीचा असला की हात आखडतो. काही जणांनी तर आपला खरा निकाल कळू नये म्हणून पैसे सोडायची तयारी दाखवली.

त्याच सुमारास एल आणि राव या अर्थशास्त्रज्ञांनी आयक्यूसोबत दिसण्याबद्दलही असा प्रयोग केला आणि साधारण हेच चित्र आलं. पुढे 2020 मध्ये अर्थशास्त्रज्ञ फ्लोरियन झिमरमन यांनी दाखवलं की वाईट निकाल कळल्यावर लगेच विचारलं तर लोक मत खाली आणतात, पण महिन्याभराने विचारलं तर तो परिणाम जवळपास पुसला गेलेला असतो, आणि वाईट निकाल लोकांना आठवतही कमी, चांगला मात्र टिकतो. पण आठवण्याचे पैसे मिळणार हे सांगितलं की आठवण सुधारते, म्हणजे आत कुठेतरी ती असते. अर्थात हे सगळीकडे असंच येतं असं नाही, काही प्रयोगांत चांगल्या-वाईटातला फरक दिसला नाही, कुठे उलटाही आला, त्यामुळे यावरून मनुष्यस्वभावाचे कायदे सांगणाऱ्या व्हिडिओंपासून जरा लांबच राहिलेलं बरं.

आता ठशांचा रिपोर्ट हातात घेऊन बघा, त्यात वाईट बातमी जवळपास नसतेच. 'तुमच्या मुलात नेतृत्वगुण आहेत', 'त्याची क्षमता अजून पूर्ण वापरली गेलेली नाही'. 1948 साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या 39 विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि आठवड्याने सगळ्यांना शब्दशः एकच वर्णन वाटलं, बरंचसं बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेलं, आणि मुलांनी अचूकतेला 5 पैकी सरासरी 4.26 मार्क दिले. कुंडली असो, हस्तरेषा असो नाहीतर स्कॅनरवरचे ठसे, पटण्याचं यंत्र एकच आहे, आणि आईबापांच्या बाबतीत बातमी स्वतःच्या मुलाची असते.

नाशिकमधल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माझं मनापासून सांगणं आहे की प्रॅक्टिकलला हा प्रयोग करून बघा, खर्च काहीच नाही. कोड्यांची छोटी परीक्षा घ्या, प्रत्येकासाठी चार चिठ्ठ्या करा, तीनवर त्याचा खरा निकाल आणि एकीवर उलटा, चिठ्ठी काढली की वाचून परत आत टाकायची, नाहीतर दुसऱ्या खेपेला शक्यता बदलते आणि वरचं गणित लागू होत नाही. निम्म्या मुलांना स्वतःबद्दल अंदाज करायला सांगा, निम्म्यांना वर्गाबाहेरच्या एखाद्या निनावी मुलाच्या मार्कांबद्दल, कारण ही दुसरी तुकडी नसेल तर जे दिसलं ते अहंकारामुळे की नुसतं गणित जमलं नाही म्हणून, हे कळायला मार्गच राहत नाही. भाग घेणाऱ्याची संमती आधी घ्या, आणि प्रयोग संपल्यावर चिठ्ठ्यांचा सगळा खेळ समजावून सांगितल्याशिवाय कुणालाही घरी पाठवू नका.