ओके

ओके : संमती, मान्यता किंवा समाधानकारक स्थिती दर्शविणारा इंग्रजी शब्द. विशेषण, क्रियाविशेषण, नाम, क्रियापद व उद्गार अशा पाचही रूपांत तो वापरला जातो. टिंबांसह दोन आद्याक्षरे, टिंबांविना दोन अक्षरे आणि चार अक्षरांचे पूर्ण स्पेलिंग या तिन्ही लेखनपद्धती रूढ असून शेवटची सर्वांत उत्तरकालीन होय.

व्युत्पत्तीविषयी दीर्घकाळ वाद होता. सर्वसाधारणपणे मान्य असलेला सर्वांत जुना छापील पुरावा बॉस्टन मॉर्निंग पोस्ट या वृत्तपत्राच्या २३ मार्च १८३९ च्या अंकातील आहे. तेथे ही आद्याक्षरे ‘ऑल करेक्ट’ या अर्थी येतात. मुळात ती ‘ए’ व ‘सी’ हवीत; परंतु शब्दांचे स्पेलिंग मुद्दाम चुकवून (येथे ‘oll korrect’) त्यांची आद्याक्षरे घेण्याची टूम त्या सुमारास बॉस्टनच्या पत्रकारांत होती. ‘ऑल राइट’साठी ‘ओ. डब्ल्यू.’ हेही त्याच घडणीचे. ते लोपले, ओके तेवढा टिकला. याचे श्रेय बहुधा १८४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीला द्यावे लागते. त्या निवडणुकीतील उमेदवार, किंडरहुक गावचे मार्टिन व्हॅन ब्युरेन यांना समर्थक ‘ओल्ड किंडरहुक’ म्हणत, आणि न्यूयॉर्कमधील त्यांच्या समर्थकांनी ‘ओ. के. क्लब’ काढला. व्हॅन ब्युरेन हरले, शब्द मात्र देशभर पोहोचला. भाषाभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी १९६३-६४ मध्ये अमेरिकन स्पीच या नियतकालिकातील लेखमालेत हा क्रम पुराव्यांनिशी मांडला.

चॉक्टॉ या अमेरिकेतील मूळनिवासी जमातीच्या भाषेतील ‘ओके’ (असेच आहे) हे मूळ मानणारा पक्ष जुना आहे. अध्यक्ष वुड्रो विल्सन त्यानुसारच स्पेलिंग करीत. पश्चिम आफ्रिकी भाषांतील होकारार्थी शब्दांकडेही बोट दाखविले जाते. ध्वनिसाम्य दोहोंत आहे. १८३९ च्या मजकुरात मात्र आद्याक्षरांची फोड सोबतच दिलेली आढळते, त्यामुळे रीड यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

अर्थच्छटा संदर्भावर ठरतात. ‘जेवण ओके होते’ यात स्तुती नसते, जेमतेमपणा असतो. क्रियापद म्हणून तो मंजुरी देणे या अर्थी येतो. वाक्यारंभी आला की बहुधा विषयांतराची खूण असते.

सूचनेला उत्तर म्हणून ‘ओके’ संदिग्ध ठरतो : ऐकले, समजले की मान्य केले, हे त्यातून कळत नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवरील केएलएम या डच कंपनीच्या विमानाच्या संदेशाला नियंत्रकाने प्रथम ‘ओके’ म्हटले. पुढचे ‘थांबा, मी कळवीन’ हे शब्द त्याच क्षणी झालेल्या दुसऱ्या प्रक्षेपणामुळे कर्कश आवाजात बुडाले. दोन विमानांच्या टकरीत ५८३ जण मृत्युमुखी पडले. अपघाताची कारणे अनेक होती. तथापि त्यानंतर प्रमाण शब्दावलीवर व परवानगी शब्दशः परत म्हणून दाखविण्यावर अधिक भर देण्यात आला.

अंगठा व तर्जनी जुळवून केलेली ओकेची खूण पाण्याखाली उतरणाऱ्या पाणबुड्या लोकांत प्रश्न व उत्तर दोन्ही असते. ज्याला ती केली जाते त्याने तीच परत करायची. न केल्यास काहीतरी बिघडले असे धरतात. वर केलेला अंगठा तेथे चालत नाही, कारण त्याचा अर्थ ‘वर चला’ असा आहे. ब्राझीलमध्ये हीच वर्तुळाकार खूण अश्लील समजली जाते.