चाहता आणि दर्दी

सांगलीच्या माझ्या मामाकडे बालगंधर्वांची एक तबकडी होती, ‘नाथ हा माझा’ची. त्याच्या वडिलांनी घेतलेली. मामाने बालगंधर्वांना रंगभूमीवर कधी पाहिलं नाही, पण बोलायला लागला की वाटावं, काल रात्रीच प्रयोगाहून परतलाय. तबकडी चालू असताना मामीने चहा पुढे ठेवला तरी तो कपाला हात लावत नसे. तबकडीवर एका जागी ओरखडा होता. सुई तिथे आली की टचकन उडून पुढच्या फेऱ्यात पडायची.

एकदा ओळखीचे एक निवृत्त संगीतशिक्षक घरी आले होते. मामाने हौसेने तबकडी लावली आणि डोळे मिटून डोलू लागला. मास्तर मात्र ताठ बसून होते. मध्येच एका ठिकाणी त्यांची मान जराशी कलली आणि तोंडून ‘अहाहा’ निघून गेलं. मामाने डोळे उघडले. “काय झालं?” मास्तर म्हणाले, “ती जागा कशी घेतली, पाहिलंत?” मामाला कुठली जागा, म्हणजे गाण्यातलं कुठलं नाजूक वळण, ते कळलं नाही. त्याला सगळंच सारखं आवडत होतं.

मामा चाहता होता, मास्तर दर्दी. आपण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, आणि निवेदक तर समोर बसलेल्या झाडून सगळ्यांना ‘रसिकहो’ म्हणून मोकळा होतो. प्रेम जास्त कुणाचं, यावरून फरक ठरत नाही. माहिती जास्त कुणाला, यावरूनही नाही. बालगंधर्वांची जन्मतारीख (26 जून 1888) मामाला तोंडपाठ होती, मास्तरांना सांगता आली नसती. मला विचाराल तर टाळी कधी पडते तेवढं बघावं.

चाहत्याची टाळी एंट्रीला पडते. माणसाने अजून काही केलेलंही नसतं. मराठी रंगभूमीवर याचं ठसठशीत उदाहरण म्हणजे डॉ. काशिनाथ घाणेकर. पेशाने दंतवैद्य. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला संभाजी आणि पुढे ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या, या भूमिकांनी त्यांना नाटकातला स्टार केलं. जाहिरातीत त्यांचं नाव सगळ्यांच्या शेवटी यायचं, आणि त्याआधी ‘आणि’. त्या दोन अक्षरांवर तिकीटबारी चालायची. पडद्यामागून पाऊल बाहेर पडलं की शिट्ट्या. ही टाळी भूमिकेला नाही, माणसाला असते. त्यात वाईट काही नाही. फक्त त्या क्षणी रंगमंचावर संभाजी आलेला नसतो, घाणेकर आलेले असतात.

दर्दीची दाद मध्येच कुठेतरी येते, आणि बहुतेकदा ती टाळी नसतेच. बैठकीत हे फार स्वच्छ दिसतं. तीनताल सोळा मात्रांचा, सम पहिल्या मात्रेवर. गवई तान घेत घेत समेवर येऊन आदळला की सगळी सभा टाळी देते. सम काय हे ठाऊक नसलेला माणूससुद्धा देतो, कारण तबल्याचा ठोका आणि गवयाची मान दोन्ही त्याला सांगत असतात. दर्दी माणसाचं बोट तोवर मांडीवर मात्रा मोजत असतं. अकराव्या-बाराव्या मात्रेला तान भलत्याच स्वरावरून वळली, आता हा समेवर पोचणार कसा, असा प्रश्न त्याला पडलेला असतो. तिथे त्याच्या तोंडून ‘वा’ जातं. सम आली तेव्हा तो गप्पच असतो, त्याचं काम आधीच झालेलं असतं.

किशोरी आमोणकरांच्या मैफलीत ही निवड तंबोऱ्यापासूनच सुरू व्हायची. तंबोरे मनासारखे लागेपर्यंत त्या गायला सुरुवात करत नसत. ‘आज ताई गाणार’ म्हणून आलेला माणूस तोवर घड्याळ बघायचा, मागे वळून कोण कोण आलंय ते पाहायचा. ज्याचा कान तयार, त्याच्यासाठी गाणं सुरू झालेलं असायचं. (मी स्वतः पहिल्या गटातला. तंबोरा लागला की नाही हे मला आजही शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं.)

आता वन्स मोअर. इथे मात्र गोंधळ उडतो, कारण ओरडणारे दोघेही असतात. संगीत नाटकांच्या त्या काळात एकेका पदाला दोन-दोन, तीन-तीन वन्स मोअर पडत आणि प्रयोग पहाटेपर्यंत लांबत. चाहत्याला मघाचंच पद जसंच्या तसं पुन्हा हवं असतं, आवडलेला लाडू पुन्हा मागावा तसं. दर्दीला पद तेच हवं, पण गाणं वेगळं. बालगंधर्वांची कमाल अशी की ते दोघांनाही तृप्त करत. शब्द तेच, चाल तीच, पण दुसऱ्या खेपेला त्याच ओळीतून नवी वाट काढायची. ‘स्वयंवर’च्या पदांना चाली भास्करबुवा बखल्यांच्या, म्हणजे मुळात अस्सल ख्यालगायकाच्या. त्यामुळे विस्ताराला वाव भरपूर. त्यातलंच ‘नाथ हा माझा’ यमन रागातलं. यमन काही दोन फेऱ्यांत संपत नाही.

दोघांकडचा साठाही वेगळा असतो. चाहत्याकडे किस्से असतात, दर्दीकडे जागा. मामाचा आवडता किस्सा 12 मार्च 1911चा. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग, आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग रद्द करू म्हणाले लोक. ते तोंडाला रंग लावून भामिनी म्हणून उभे राहिले. हे सांगताना मामाचा आवाज दर वेळी त्याच वाक्यावर कापरा व्हायचा. दुसरा किस्सा 8 जुलै 1921चा, मुंबईतल्या संयुक्त ‘मानापमान’चा. टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी झाले. दोघांच्या स्वतंत्र कंपन्या, दोघांचे स्वतंत्र भक्तगण. कुणाला किती वन्स मोअर पडले याची मोजदाद करायलाच निम्मे लोक गेले असणार. मामा हे सगळं स्वतः हजर असल्यासारखं सांगे. त्या रात्री भामिनीने कुठलं पद कसं वळवलं, असं विचारलं की गाडी पुन्हा किश्श्यावर येई.

माणसावर प्रेम जडलं की त्याच्या घरातही डोकवावंसं वाटतं. उतारवयात गोहरबाई कर्नाटकी बालगंधर्वांच्या आयुष्यात आणि कंपनीत आल्या, ते बऱ्याच चाहत्यांना रुचलं नाही. मामा तर त्यांचं नावही घेत नसे. या बाबतीत मी मामाच्या बाजूने कधीच नव्हतो. ज्याच्या पदांवर आपण जीव टाकला, त्याने कुणाबरोबर राहावं हे ठरवायचा हक्क तिकिटासोबत मिळत नाही.

पण म्हणून दर्दीला वरच्या पाटावर बसवायचीही माझी तयारी नाही. दर्दी माणसाचा एक खास आजार असतो, ‘आमच्या वेळी’ नावाचा. कालांतराने तो गवयाचा उरत नाही, स्वतःच्या कानाचाच चाहता होऊन बसतो. नव्या मुलाने चार स्वर लावले नाहीत तोच मान नकारार्थी हलते. शिवाय साधा व्यवहार बघा. गंधर्व नाटक मंडळीचे उंची शालू, गालिचे, अत्तरं यांचा खर्च मूठभर दर्दींच्या ‘अहाहा’वर निघाला नसता. तो न निघून कंपनी कर्जात बुडाली ते वेगळं, पण जी काही वर्षं दिमाखात चालली ती मागच्या रांगेतल्या मामांच्या पैशांवर. बालगंधर्व प्रेक्षकांना ‘अन्नदाते’ म्हणत, त्यात सगळं आलं.

आणि दोन्ही जाती जन्माने ठरतात असंही नाही. गदगचा एक पोरगा अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून वेडा झाला आणि अकराव्या वर्षी घरातून पळाला. ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर असा भटकून शेवटी कुंदगोळला खाँसाहेबांच्याच शिष्याकडे, सवाई गंधर्वांकडे, शिकायला राहिला. पळाला तेव्हा भीमसेन जोशी निव्वळ चाहते होते. त्या वेडाला रियाजाची जोड मिळाली. गुरू गेल्यावर 1953पासून त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात जो महोत्सव सुरू झाला, तिथे आज दोन्ही जातींचे लोक एकाच सतरंजीवर बसतात.

कुमार गंधर्वांचं उदाहरण मला त्याहून बोलकं वाटतं. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवत. लोक थक्क व्हायचे. नक्कल ही चाहत्याची शेवटची पायरी. पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे शिक्षण, मग क्षयाचं दुखणं, देवासचा मुक्काम, गाण्याविना गेलेली वर्षं. आणि त्यानंतर त्यांनी बालगंधर्वांच्या पदांचा कार्यक्रम केला, त्याचं नाव ‘मला उमजलेले बालगंधर्व’. बालगंधर्वांसारखा आवाज काढायचा त्यात प्रयत्नच नव्हता. पदं तीच, गळा आणि विचार कुमारांचा. त्या नावातला ‘उमजलेले’ हा शब्द दर्दीचा आहे, आणि त्याआधीचा ‘मला’ चाहत्याचा. काही लोकांना ते गाणं बालगंधर्वांचं वाटलं नाही. मामाही त्यातलाच. “हे कुमारांचं झालं,” एवढंच म्हणाला होता.

चार वर्षांपूर्वी सांगलीला गेलो तेव्हा फोनवर त्याच तबकडीचं साफ केलेलं ध्वनिमुद्रण त्याला ऐकवलं. ग्रामोफोन केव्हाच बंद पडला होता. मामा आता ऐंशीच्या घरात, कानाला यंत्र. डोळे मिटून ऐकत होता. ओरखड्याची जागा जवळ आली तशी मांडीवरची त्याची बोटं थबकली. सुई उडणार, हे बोटांना पाठ होतं. मिनिटाला 78 फेरे घेणारी तबकडी. सुई एक फेरा चुकली की जेमतेम पाऊण सेकंदाचं गाणं जातं. ते पाऊण सेकंद या वेळी गेलं नाही. मामाने डोळे उघडले.

“इथे हे होतं होय?” म्हणाला. मग फोनकडे बोट करून, “मागे घे. तेवढंच.”