गांडूळ कापलं की दोन होतात?

‘गांडुळाचे दोन तुकडे केले, तर दोन गांडुळं होतात.’ घरामागे भाजीचा पहिला वाफा खणताना मुलं हे हमखास सांगतात. मोठ्यांनाही ते खरं वाटतं, आणि तसं वाटायला कारण आहे: गांडुळाच्या शरीरात हालचालीचे संदेश वाहणारा चेतारज्जू या टोकापासून त्या टोकापर्यंत असतो, त्यामुळे कापल्यावर दोन्ही तुकडे बराच वेळ वळवळतात.

पण वळवळणं म्हणजे जगणं नव्हे. तोंड, मेंदू आणि रक्त ढकलणाऱ्या हृदयासारख्या नळ्या, सगळं पुढच्या भागात असतं. शेपटीकडचा थोडाच भाग तुटला, तर काही जातींत पुढचा तुकडा जगतो आणि नवी शेपटी वाढवतो. मागच्या तुकड्याला मात्र सहसा नवं डोकं येत नाही. खाता न आल्यामुळे तो मरतो. एका लहान तुकड्यातून अख्खा जीव घडवणारा प्लॅनेरिया हा चपटा कृमी वेगळा. तो गांडूळ नव्हे.

हे तपासायला काही कापावं लागत नाही. (मुलांच्या हातातलं खुरपं आधी बाजूला ठेवा.) मोठं गांडूळ ओल्या कागदावर सावलीत ठेवा. अंगावर फिकट, जाडसर पट्टा दिसेल. तो ज्या टोकाच्या जवळ, ते डोकं. बहुतेक वेळा गांडूळ त्याच दिशेने सरकतं. म्हणजे दोन्ही टोकं सारखी नाहीत, हे मुलांना स्वतःच दिसतं. नवी गांडुळं येतात ती या पट्ट्यापासून तयार होणाऱ्या, मातीत सापडणाऱ्या बारीक कोशांतून. पाहून झालं की गांडूळ लगेच ओल्या मातीत सोडा, त्याची त्वचा सुकली तर त्याला श्वास घेता येत नाही.